स्वयंसेवकाचें स्मारक

महाराष्ट्रांतील जुन्या गांवांच्या वेशीपाशीं किंवा शिवमंदिराच्या आवारांत कोरीव दगड उभे असलेले पुष्कळांनीं पाहिले असतील. त्यांना वीरगळ म्हणतात. तळाच्या चौकटींत लढाईचा किंवा गाईंच्या रक्षणासाठीं झालेल्या झुंजीचा प्रसंग, त्याच्यावर अप्सरांनीं स्वर्गास नेलेला वीर, आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, असा त्यांतील चित्रांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. ज्या गांवासाठीं तो पुरुष मेला त्या गांवानें कृतज्ञतेनें हा दगड उभा केला. परंतु आज तेथें जाऊन 'हा वीरगळ कोणाचा?' असें विचारलें, तर बहुतेक ठिकाणीं उत्तर मिळत नाहीं. दगड राहिला, शेंदूर राहिला, नांव मात्र गेलें.

परक्याचा जीव वांचवितांना जो मनुष्य स्वतःचा जीव देतो, त्याचें ऋण मागें राहिलेल्यांनीं कसें फेडावें, हा प्रश्न त्या वीरगळांइतकाच जुना आहे. शोक ताजा असतो तोंवर हार येतात, सभा भरतात, भाषणें होतात, एखाद्या चौकाला नांव दिलें जातें. वर्ष उलटतें न उलटतें तोंच सभेची आठवणही पुसट होते. आणि मुलांच्या शाळेची फी कोठून भरावयाची, हा प्रश्न मात्र त्या पुरुषाच्या पत्नीस एकटीलाच सोडवावा लागतो. या जुन्या प्रश्नाचें एक विचार करण्याजोगें उत्तर अमेरिकेंतील आग विझविणाऱ्या स्वयंसेवकांच्या परंपरेंत सांपडतें. तें नीट कळावें म्हणून प्रथम त्या परंपरेचा थोडा परिचय करून घेतला पाहिजे.

मुंबई-पुण्याच्या रहिवाशाला आग लागली म्हणजे महानगरपालिकेचा बंब यावयाचा, एवढें ठाऊक असतें. बंबावरील जवान पगारी असतात आणि आग विझविणें हाच त्यांचा धंदा असतो. अमेरिकेंतील मोठ्या शहरांत अशीच व्यवस्था आहे. परंतु लहान गांवांतून व उपनगरांतून ती तशी नाहीं. त्या देशांत आग विझविण्याचें काम करणाऱ्या एकंदर लोकांपैकीं सुमारे दोन तृतीयांश लोक स्वयंसेवक आहेत. कोणी सुतार, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, तर कोणी पेढीवरील कारकून. भोंगा वाजला कीं हातांतलें काम टाकून हे लोक बंबखान्याकडे धांवतात आणि आग विझल्यावर पुन्हां आपापल्या कामास लागतात. या रीतीच्या आद्य प्रवर्तकांत बेंजामिन फ्रँक्लिन याचें नांव घेतलें जातें. त्यानें इ. स. १७३६ मध्यें फिलाडेल्फिया शहरांत 'युनियन फायर कंपनी' नांवाचें मंडळ काढलें. प्रत्येक सभासदानें आपल्या घरीं कातडी बादल्या आणि जळत्या घरांतील सामान भरून बाहेर काढण्यासाठीं पिशव्या तयार ठेवाव्या, आणि आगीची वर्दी मिळतांच त्या घेऊन हजर व्हावें, असा त्या मंडळाचा नियम होता.

बादल्या गेल्या आणि बंब आले, तरी वृत्ति तीच राहिली. अशा मंडळांचा खर्च कांहीं करांतून आणि कांहीं वर्गणी, सहभोजनें, जत्रा यांतून भागविला जातो. म्हणून चांगल्या कामासाठीं पैसा जमविणें ही गोष्ट तेथील बंबखान्यास नवी नाहीं.

स्वयंसेवक म्हटला कीं तो हौशी व अर्धवट शिकलेला असावयाचा, असा एक समज आढळतो. आग मात्र पगारी आणि बिनपगारी असा भेद करीत नाहीं. त्यामुळें हे लोक कामावरून सुटल्यावर संध्याकाळीं बंबखान्यांत जमून कवाईत करतात. शिडी कशी लावावी, पाण्यानें भरलेली जड नळी दोघांतिघांनीं कशी पेलावी, दोराला गांठ कशी द्यावी, हें तर असतेंच. परंतु खरें शिक्षण धुराचें असतें. आगींत सांपडलेलीं माणसें ज्वाळेपेक्षां धुरानेंच अधिक मरतात. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड नांवाच्या वायूला रंग नाहीं आणि वासही नाहीं. हा वायु रक्तांतील तांबड्या द्रव्याला प्राणवायूच्या दोनशेंपटींहून अधिक ओढीनें चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायु मिळत नाहीं. मनुष्य गोंधळतो, त्याचे पाय लटके पडतात आणि दार दोन हातांवर असूनही तो तेथेंच खालीं बसतो. तोंडावर धरलेलें फडकें काजळी व धूळ अडवितें, हा वायु अडवीत नाहीं. म्हणूनच शिकलेला मनुष्य वेळ मोजून हालचाल करतो. तापलेला धूर वर चढतो आणि जमिनीलगतची हवा त्या मानानें बरी असते, हें जाणून तो वांकून किंवा रांगत जातो. भिंतीवरचा हात काढीत नाहीं, कारण भिंत सुटली कीं दिशा सुटते. आणि बंद दार उघडण्यापूर्वीं हाताची पाठ लावून तें तापलें आहे काय हें पाहतो. जळत्या घरांत एकट्यानें शिरूं नये, दोघांनीं आंत जावें आणि त्यांच्या सुटकेसाठीं निदान दोघांनीं बाहेर सज्ज राहावें, असाही एक दंडक आहे. हें सारें वाचून कळतें, पण अंगीं बाणतें तें शंभर वेळां केल्यानेंच.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस हडसन नदीच्या कांठीं नायॅक नांवाचें गांव आहे. तेथें 'एम्पायर हुक अँड लॅडर कंपनी' या नांवाचें असेंच एक स्वयंसेवक दल आहे. वेल्स रेमी क्राउदर हा मुलगा आपल्या वयाच्या सोळाव्या वर्षीं या दलाचा कनिष्ठ सभासद झाला. त्याचे वडीलही स्वयंसेवकच होते. वेल्स लहान असतांना त्यांनीं त्याला एक तांबडा रुमाल दिला होता. पोशाखाच्या छातीवरच्या खिशांत पांढरा रुमाल दाखविण्यासाठीं आणि मागच्या खिशांत तांबडा रुमाल कामासाठीं, अशी बापाची शिकवण. तो तांबडा रुमाल मुलानें पुढें कधीं सोडला नाहीं. बोस्टन कॉलेजांत तो खेळांत चमकला, अर्थशास्त्र घेऊन १९९९ सालीं पदवीधर झाला आणि न्यूयॉर्कमधील एका पेढींत नोकरीस लागला. पेढीची कचेरी जागतिक व्यापार केंद्राच्या दक्षिण मनोऱ्यांत १०४ व्या मजल्यावर होती. पगार चांगला होता. पण कागदावरील आंकड्यांत त्याचें मन पुरतें रमत नव्हतें. न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलांत शिरावें, असें तो वडिलांजवळ बोलूनही दाखवीत असे.

११ सप्टेंबर २००१ रोजीं सकाळीं ९ वाजून ३ मिनिटांनीं अपहरण केलेलें विमान त्या मनोऱ्यावर आदळलें. ७७ व्या मजल्यापासून ८५ व्या मजल्यापर्यंतचा भाग त्या आघातांत सांपडला. ९ वाजून १२ मिनिटांनीं वेल्सनें आईच्या दूरध्वनीवर आपण सुखरूप असल्याचा निरोप ठेवला. त्यापुढची हकीकत वांचलेल्या लोकांच्या तोंडून कळली. ७८ व्या मजल्यावर, जेथें लोक लिफ्ट बदलण्यासाठीं जमत, तेथें मृतांच्या आणि जखमींच्या राशी पडल्या होत्या. धुरामुळें जवळचें दिसत नव्हतें, आणि उतरण्याजोगा जिना एकच उरला होता. तो कोठें आहे, हेंच लोकांना उमगत नव्हतें. इतक्यांत नाकातोंडावर तांबडा रुमाल बांधलेला एक तरुण पुढें आला. ज्यांना उभें राहतां येईल त्यांनीं उभें राहावें, आणि ज्यांना दुसऱ्यास मदत करतां येईल त्यांनीं ती करावी, असें त्यानें खणखणीत आवाजांत सांगितलें. त्यानें जिना दाखविला. एका जखमी स्त्रीला पाठीवर घेऊन तो त्या लोकांबरोबर सतरा मजले उतरला. ६१ व्या मजल्यावर हवा जरा बरी होती. तेथें तिला ठेवून, बाकीच्यांना खालीं जावयास सांगून, तो पुन्हां वर गेला. वर त्यानें दुसरी एक टोळी जमविली आणि तिलाही वाट दाखविली. ९ वाजून ५९ मिनिटांनीं तो मनोरा कोसळला. त्या वेळीं वेल्स चोवीस वर्षांचा होता.

या प्रसंगांत धैर्य होतें, यांत शंकाच नाहीं. परंतु नुसतें धैर्य अशा वेळीं पुरत नाहीं, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. चालूं शकणारे आणि न चालूं शकणारे यांची वांटणी त्यानें क्षणांत केली, चालूं शकणाऱ्यांच्या हातीं इतरांना सोंपविलें, वाट एकच आहे हें ओळखून घोळका तिकडे वळविला, आणि बऱ्या हवेचा मजला येतांच थांबून ओझें उतरविलें. त्या दिवशीं तो कामावरचा बंबवाला नव्हता. अंगावर ना गणवेष, ना शिरस्त्राण. त्याच्याजवळ एक रुमाल आणि सोळाव्या वर्षापासून बंबखान्यांत गिरविलेले धडे, एवढेंच होतें. नायॅक गांवानें एका शाळकरी पोराला शिकविलें. त्याचें फळ पंचवीस-तीस मैलांवरच्या परक्या माणसांना मिळालें. त्याच्यामुळें बारा ते अठरा माणसें वांचलीं, असें सांगतात.

१९ मार्च २००२ रोजीं त्याचा देह मनोऱ्याच्या तळमजल्याच्या जागीं सांपडला, तो न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलांतील जवानांच्या देहांशेजारीं. याचा अर्थ तो बाहेरच्या दारापासून फार दूर नव्हता. त्या दिवशीं त्या दलाचे ३४३ लोक कामीं आले. मे महिन्यांत 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्यें वांचलेल्यांच्या हकीकती छापून आल्या. त्यांत तांबड्या रुमालाचा उल्लेख वाचून त्याच्या आईनें आपला मुलगा ओळखला. छायाचित्र दाखवितांच वांचलेल्यांनींही त्याला ओळखलें. पुढें त्याच्या खोलींतील कागदांत न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलांत भरती होण्याचा अर्धवट भरलेला अर्ज मिळाला. २००६ सालीं त्या दलानें त्याला मरणोत्तर सन्माननीय सभासद करून घेतलें. अर्धा राहिलेला अर्ज असा पुरा झाला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. अशा मुलाचें स्मारक काय करावें? आईबापांनीं त्याच्या नांवानें एक धर्मादाय विश्वस्त निधि स्थापन केला. तरुणांचें शिक्षण, आरोग्य, खेळ आणि चारित्र्य यांस हातभार लावणें, हा त्याचा हेतु. शिष्यवृत्त्या व पारितोषिकें देतांना केवळ परीक्षेंतील गुण न पाहतां, दुसऱ्यासाठीं झिजण्याची वृत्ति त्या मुलांत आहे काय, हें पाहावयाचें, असें धोरण ठेवलें. बोस्टन कॉलेजांत त्याच्या स्मृतिप्रीत्यर्थ धांवण्याची शर्यत भरूं लागली. शेंकडों माणसें तांबडा रुमाल बांधून धांवतात, प्रवेश-फी भरतात, आणि ती रक्कम या कार्यास जाते. त्याची कथा शाळांतून मुलांना सांगतां यावी म्हणून पाठही तयार करण्यांत आले. २०१४ सालीं न्यूयॉर्क येथील त्या दुर्घटनेच्या संग्रहालयाचें उद्घाटन झालें, तेव्हां राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनीं आपल्या भाषणांत तांबड्या रुमालाची ही गोष्ट सांगितली. संग्रहालयांत त्याचा एक रुमालही ठेवलेला आहे. परंतु कांचेच्या पेटींतल्या रुमालापेक्षां धांवणाऱ्यांच्या डोक्याला बांधलेले रुमाल अधिक काम करतात, हें कोणीही मान्य करील.

जें एका कुटुंबानें केलें, तेंच राष्ट्राच्या प्रमाणावर मेरीलंड राज्यांतील एमिट्सबर्ग या गांवीं पाहावयास मिळतें. कर्तव्य करतांना मृत्यु पावलेल्या अग्निशामकांचें राष्ट्रीय स्मारक तेथें १९८१ सालीं उभारलें गेलें. दगडांच्या राशीवर धातूचें क्रॉसचिन्ह आणि पायथ्याशीं सतत तेवणारी ज्योत, एवढेंच त्याचें रूप आहे. विशेष आहे ती जागा. ज्या आवारांत अग्निशमनाची राष्ट्रीय प्रबोधिनी आहे, त्याच आवारांत हें स्मारक उभें आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून शिकावयास येणारे पगारी व बिनपगारी लोक ज्योतीजवळून वर्गांत जातात. मेलेल्यांचीं नांवें आणि जिवंतांचे धडे एकाच अंगणांत असल्यामुळें, आपण कशासाठीं शिकतों, हें त्यांना वेगळें सांगावें लागत नाहीं.

१९९२ सालीं तेथील काँग्रेसनें या कामासाठीं एक प्रतिष्ठान निर्माण केलें. मृतांच्या कुटुंबांस धीर देणें, पतिपत्नी व मुलें यांना शिक्षणासाठीं शिष्यवृत्त्या देणें, आणि त्यासाठीं देणग्या गोळा करणें, हीं कामें तें करतें. परंतु कांहीं वर्षांच्या अनुभवानंतर त्या लोकांना एक गोष्ट टोंचूं लागली. दरवर्षीं नवीं नांवें कोरावयाचीं, दरवर्षीं नव्या विधवांचें सांत्वन करावयाचें. पण नांवें कमी व्हावीं म्हणून काय करावयाचें? २००४ सालीं फ्लॉरिडांतील टँपा शहरीं जाणत्या लोकांची परिषद भरली आणि तिनें जीवरक्षणाचे सोळा संकल्प ठरविले. कामावर गेलेला प्रत्येक जण घरीं परत आला पाहिजे, हें त्यांचें सार. शोध करतांना असें दिसून आलें कीं, त्या देशांत कामावर असतांना मरणाऱ्या अग्निशामकांपैकीं जवळजवळ निम्मे लोक ज्वाळेनें किंवा कोसळलेल्या छपरानें नव्हे, तर हृदयविकाराच्या झटक्यानें जातात. कांहीं लोक बंब घेऊन भरधांव जातांना अपघातांत सांपडतात. म्हणजे नियमित वैद्यकीय तपासणी, व्यायाम आणि गाडींतील सुरक्षेचा पट्टा या साध्या गोष्टींनीं कित्येक घरें उजाड होण्याचीं वांचतील. तेव्हांपासून प्रतिष्ठानाच्या कार्यांत प्रशिक्षणाला शिष्यवृत्तीच्या बरोबरीचें स्थान मिळालें.

यावरून स्मारकाचा एक नियमच सांगतां येईल. कामीं आलेल्या सेवकाचीं ऋणें दोन असतात. त्यानें मागें ठेवलेल्या मुलांचें शिक्षण हें पहिलें ऋण. तें शिष्यवृत्तीनें फिटतें. तो ज्या कारणानें गेला, त्याच कारणानें दुसरा जाऊं नये, हें दुसरें ऋण. तें प्रशिक्षणानें फिटतें. पहिलें ऋण फेडून दुसरें विसरणाऱ्या समाजाला शिष्यवृत्तीचे नवे अर्ज दरवर्षीं छापावे लागतात.

येथें एक आक्षेप येतो. हें सारें सरकारचें काम नव्हे काय? लोकांनीं वर्गणीची पेटी कां फिरवावी? आक्षेप खोटा नाहीं. अमेरिकेंत १९७६ सालीं असा कायदा झाला कीं, कर्तव्यावर मृत्यु पावलेल्या पोलिसाच्या किंवा अग्निशामकाच्या कुटुंबास केंद्र सरकारनें ५०,००० डॉलर द्यावे. पुढें ही रक्कम पुष्कळ वाढविण्यांत आली. यांत स्वयंसेवकांचाही समावेश आहे, ही मोठी न्यायाची गोष्ट होय. कारण ज्याला जिवंतपणीं पगार नव्हता, त्याच्या विधवेस निवृत्तिवेतन तरी कोठून मिळणार? तेव्हां सरकारचें देणें सरकारनें दिलेंच पाहिजे, आणि तें मिळालें नाहीं तर मागितलेंही पाहिजे. परंतु कायद्यानें मिळणाऱ्या रकमेवर शेजाऱ्यांच्या ओळखीचा हात नसतो. ज्या गांवाच्या घरांवर त्यानें पाणी मारलें, त्या गांवानें त्याच्या मुलीच्या कॉलेजची फी भरली, म्हणजे तिला बाप आठवतो आणि गांवालाही तो आठवतो.

मात्र निधि जमविण्यांतही शिस्त लागते. शोकाच्या पहिल्या लाटेंत पैसा येतो आणि लाटेबरोबरच तो ओसरतो. समजा, एखाद्या गांवानें १०,००,००० रुपये जमविले. ते दोन वर्षांत वांटून टाकले, तर तिसऱ्या वर्षीं नांवही उरणार नाहीं. तेच सुरक्षित ठेवून शेंकडा ६ दरानें व्याज आलें, तर दरसाल ६०,००० रुपये मिळतील. त्यांतील २०,००० मुळांत टाकून महागाईची तूट भरली, तरी ४०,००० रुपये दरवर्षीं देतां येतात, आणि मूळ रक्कम शाबूत राहून वाढते. यासाठीं विश्वस्त कायद्याप्रमाणें नेमलेले असावे, हिशेब दरसाल तपासून छापला जावा, मृताच्या कुटुंबाची संमति व सल्ला प्रथम घ्यावा, आणि त्याच्या स्वतःच्या मुलांचा हक्क पहिला मानावा. तीं मुलें शिकून सवरून मोठीं झालीं, म्हणजे ती शिष्यवृत्ति गांवांतील दुसऱ्या मुलास मिळावी. ज्याला ती मिळेल, त्यानें ती कोणाच्या नांवाची आहे हें जाणून घ्यावें, आणि शक्य असेल तर बंबखान्यांत जाऊन चार धडेही गिरवावे. दगडावरचें नांव वाचणारा एखादाच असतो. फीच्या पावतीबरोबर मिळालेलें नांव मुलगा जन्मभर विसरत नाहीं.

या हकीकतीचा मुंबईशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध १४ एप्रिल या तारखेचा आहे. १९४४ सालीं त्या दिवशीं दुपारीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकाइन' नांवाच्या बोटीला आग लागली. बोटींत सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्यें होतीं, आणि त्यांच्याच सोबतीला कापसाच्या हजारों गाठी होत्या. धोक्याच्या मालाची खूण म्हणून लावावयाचें तांबडें निशाण बोटीवर नव्हतें. बंबवाले येऊन बोटीवर पाणी मारीत राहिले. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. त्याचा धक्का सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर उमटला. शेंकडों माणसें मेलीं, हजारों बेघर झालीं, आणि मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ लोक कामीं आले. भायखळ्याच्या मुख्य ठाण्यांत त्यांचें स्मारक आहे. पण त्याहून मोठें स्मारक म्हणजे ती तारीख. दरवर्षीं १४ एप्रिलपासून २० एप्रिलपर्यंत देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, आणि त्या सात दिवसांत शाळांतून, कारखान्यांतून व इस्पितळांतून लोकांना आगीपासून बचावाचे धडे दिले जातात. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ सालीं रामपूर येथें निघालें आणि पुढच्याच वर्षीं नागपुरास आलें. स्मृति आणि शिक्षण यांची सांगड घालण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी नाहीं, हें यावरून दिसेल.

परंतु सप्ताह पाळणें आणि धडा पचविणें यांत अंतर आहे. ९ मे २०१५ रोजीं काळबादेवींतील गोकुळ निवास या इमारतीच्या आगींत मुंबई अग्निशामक दलाचे चार अधिकारी सांपडले आणि चौघेही दगावले. त्यांत दलाचे प्रमुखही होते. आपल्या चाळींत किंवा सोसायटींत जिन्याखालीं जुनीं लांकडें, रद्दी, मोडक्या खुर्च्या रचणाऱ्या गृहस्थानें क्षणभर असा विचार करावा कीं, ही अडगळ एका रात्रीं धुरांत चांचपडणाऱ्या कोणा जवानाच्या पायांत येणार आहे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनेचा कायदा २००६ सालचा आहे. त्याप्रमाणें इमारतींतील साधनें चालू स्थितींत ठेवण्याची जबाबदारी मालकाची व रहिवाशांची आहे. ती पाळणें ही सुद्धां कामीं आलेल्यांना वाहिलेली श्रद्धांजलीच होय, आणि तिला वर्गणी लागत नाहीं.

ज्यांना याहून अधिक करावयाचें असेल, त्यांना मार्ग मोकळा आहे. होमगार्ड ही स्वयंसेवकांची संघटना मुंबईंतच १९४६ सालीं जन्मास आली, आणि नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ सालीं झाला. या दलांतून सामान्य नागरिकाला आग विझविणें, सुटका करणें आणि प्रथमोपचार यांचें प्राथमिक शिक्षण मिळूं शकतें. सोळा वर्षांच्या मुलाला तेथें लगेच घेतील असें नाहीं. पण घरच्या घरीं पहिला धडा देण्यास वयाची अट नाहीं. येत्या १४ एप्रिलला संध्याकाळीं घरांतील सर्वांनीं दिवे मालवून, भिंतीला हात लावून, वांकून, आपल्या दारापासून जिन्यानें रस्त्यापर्यंत एकदां जाऊन पाहावें. म्हाताऱ्या आजीला कोणी धरावयाचें, धाकट्याला कोणी उचलावयाचें, बाहेर कोठें जमावयाचें, १०१ क्रमांक कोणी लावावयाचा, हें ठरवावें. मग मुलांना त्या ६६ जणांची आणि तांबड्या रुमालाच्या त्या तरुणाची गोष्ट सांगावी.

वेशीवरच्या वीरगळाला शेंदूर लावणारा हात भाविक असतो. परंतु वीर कोण होता, आणि तो कशासाठीं उभा राहिला, हें त्या हाताला ठाऊक नसतें. एखाद्या गांवांतील मुलगी कामीं आलेल्या जवानाच्या नांवानें मिळालेल्या पैशांवर शिकेल, आणि त्याच गांवांतील एखादा मुलगा त्याच्या नांवानें चाललेल्या वर्गांत शिडीवर चढावयास शिकेल, तर त्या दोघांना तरी त्याचें नांव विचारावें लागणार नाहीं.